अपुरी झोप, वजन आणि तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनाबद्दल सल्ला घ्यायला येणारी माणसं जेवणाचा हिशोब सोबत आणतात: पोळ्या किती, भात किती, चहात साखर किती. झोपेचा हिशोब क्वचितच कोणी आणतं. तो विचारला की मात्र एकामागून एक शंका निघतात. त्यांतल्या सतत येणाऱ्या इथे एकत्र केल्या आहेत. उत्तरं मोठ्या माणसांसाठी आहेत. मुलांचं वेगळं आहे, ते प्रश्न १३ मध्ये.

१. कमी झोपेने खरंच वजन वाढतं का? जागं राहिलं तर उलट जास्त कॅलरी जळायला हव्यात ना?

जळतात, पण थोड्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २०१३ मध्ये १६ निरोगी माणसांना प्रयोगशाळेतच राहायला ठेवून हे मोजलं गेलं. पाच रात्री जेमतेम पाच तास झोप मिळाल्यावर त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च साधारण ५ टक्क्यांनी वाढला. खाणं मात्र त्याहून जास्त वाढलं, आणि तेही मुख्यतः रात्रीच्या जेवणानंतरचं. एवढ्या थोड्या दिवसांत वजन सरासरी पाऊण किलोच्या वर गेलं.

थोडक्यात, जागरण वजन वाढवतं ते खाण्याच्या वाटेने. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया हाच आहे.

२. झोप झाली नाही की दिवसभर काहीतरी गोड नाहीतर चमचमीत खावंसं वाटतं. माझा मनावर ताबा नाही, असंच ना?

असं नाही, आणि स्वतःला असं बोलणं आधी थांबवा. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन आणि भूक चाळवणारं घ्रेलिन ही दोन संप्रेरकं झोपेवर अवलंबून असतात. शिकागो विद्यापीठाच्या २००४ च्या प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तासांच्या रात्रींशी तुलना केली तेव्हा लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची ओढ सगळ्यात जास्त वाढली होती.

पुढे झालेल्या सगळ्याच प्रयोगांत संप्रेरकांचे आकडे इतके ठळक आले नाहीत, हेही सांगायला हवं. पण खाणं वाढतं, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्याचं दुसरं कारण मेंदूत सापडतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की एक पूर्ण रात्र जागल्यावर सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मंदावतो आणि खाण्याच्या ओढीशी जोडलेला खोलवरचा भाग जास्त पेटतो. संध्याकाळी पाच वाजता टपरीवरच्या भज्यांपाशी तुमचे पाय थबकतात, तेव्हा आदल्या रात्री किती झोपलात तेही आठवून पाहा.

३. नेमकी किती झोप लागते? मला पाच तास पुरतात.

मोठ्या माणसांना रात्री किमान सात तास. बहुतेकांची गरज सात ते नऊच्या मध्ये असते; पासष्टीनंतर सात ते आठ. हे तास प्रत्यक्ष झोपेचे आहेत, मोबाईल घेऊन अंथरुणात पडल्याचे नाहीत.

‘पाच तास पुरतात’ असं सांगणाऱ्यांपैकी खरोखर पुरणारे फार विरळ. त्यांच्यात ते जन्मजात असतं. बाकीच्यांना फक्त सवय झालेली असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ मध्ये काही जणांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलं. त्यांची एकाग्रता अख्खी रात्र जागलेल्या माणसांइतकी ढासळली, पण त्यांना स्वतःला तसं फारसं जाणवत नव्हतं. म्हणून ‘मला काही होत नाही’ हा पुरावा धरू नका. सुट्टीत गजर न लावता दोन-तीन दिवस झोपून पाहा. दीड-दोन तास जास्त झोप लागली, तर रोजची कमी पडतेय.

४. पहाटे साडेचारला उठून जिमला जातो, रात्री साडेअकरा होतात झोपायला. डाएटही कडक आहे. तरी पोट का उतरत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक जण खूप कष्ट घेत असतात. म्हणून सविस्तर सांगते.

शिकागोतच २०१० मध्ये वजन जास्त असलेल्या दहा जणांवर एक छोटा पण नेमका प्रयोग झाला. तीच माणसं, मोजून कमी केलेलं जेवण, दोन आठवडे. एका खेपेला अंथरुणात साडेआठ तास, दुसऱ्या खेपेला साडेपाच. काट्यावर दोन्ही वेळा घट जवळपास सारखीच दिसली, सुमारे तीन किलो. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत अवघी ०.६ किलो. बाकी गेलं ते मुख्यतः स्नायूंसारखं चरबीविरहित वजन, जे तुम्ही जिममध्ये कमवायला जाता तेच.

तुमच्या बाबतीत पाच तास झोप, वर उपाशीपोट आणि वर व्यायाम, असं तिन्ही एकत्र चाललं आहे. साडेअकराची झोप दहावर येत नसेल, तर आठवड्यातले दोन-तीन दिवस जिम सोडा आणि साडेसहापर्यंत झोपा. त्या दिवशी ऑफिसातले जिने चढा, जेवणानंतर वीस मिनिटं चाला. झोप कापून केलेला व्यायाम रोज करण्यापेक्षा पुरेशी झोप घेऊन चार दिवस केलेला मला जास्त पटतो. आणि फक्त काटा पाहू नका. कमरेचा घेर टेपने मोजा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर.

५. बाकी काही न बदलता फक्त झोप वाढवली, तर किती किलो कमी होईल?

किलोचं वचन कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. २०२२ मध्ये साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० तरुण माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती आपापल्या घरीच राहत होती. अर्ध्यांना फक्त झोप वाढवण्याबद्दल मार्गदर्शन दिलं, खाण्याबद्दल एक शब्दही सांगितला नाही. त्यांची झोप रोज साधारण सव्वा तासाने वाढली आणि खाणं, दुसऱ्या गटाच्या तुलनेत, दिवसाला सरासरी २७० कॅलरींनी घटलं. २७० कॅलरी म्हणजे साधारण एक वडापाव.

हे मोजमाप दोन आठवड्यांचं होतं. वर्षभर तसंच राहील असं त्यावरून ठरवता येत नाही. झोप जेवणाच्या आणि हालचालीच्या जागी येत नाही. ती दोन्ही सांभाळणं सोपं करते.

६. रात्री नऊला जेवतो, पण साडेअकराला पुन्हा डबे उघडले जातात. काय करू?

आधी वेळ पाहा. साडेअकराला तुम्ही झोपलेले असता तर चिवड्याचा डबा उघडलाच नसता. जागरण जितकं लांबतं तितकी जादा जेवणाची एक वेळ तयार होते, आणि त्या वेळी घरात सहज हाताला लागतं ते फरसाण, बिस्किटं, राहिलेली मिठाई.

करण्यासारखं असं: रात्रीचं जेवण शक्य तर आठपर्यंत, आणि त्यात डाळ, उसळ, अंडं किंवा पनीर असू द्या, नुसता वरणभात नको. खरंच भूक लागली तर कपभर दूध किंवा एखादं फळ. दुपारी तीन-चारनंतर चहा-कॉफी बंद. झोपायच्या सहा तास आधी घेतलेली भरपूर कॉफीही तासाभराची झोप खाते, असं प्रयोगात दिसलं आहे. संध्याकाळच्या दोन कडक चहांकडे लोकांचं लक्षच जात नाही.

७. आठवडाभर लोकलच्या धावपळीत साडेपाच तास मिळतात. रविवारी दहा तास झोपलो की भरून निघतं का?

थकवा बराच निघतो, पण वजन आणि साखरेचं गणित भरून निघत नाही. २०१९ मध्ये कोलोरॅडोतच हे तपासलं. शनिवार-रविवारी मनसोक्त झोपलेल्यांचं रात्रीचं अवांतर खाणं त्या दोन दिवसांत घटलं. पुन्हा कमी झोपेचा आठवडा सुरू होताच ते परत आलं, आणि इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसादही खालावलेलाच राहिला.

मेयो क्लिनिकच्या २०२२ च्या प्रयोगातली एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. दोन आठवडे रोज चार तास झोपलेल्या माणसांचं खाणं दिवसाला ३०० हून अधिक कॅलरींनी वाढलं आणि पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी ११ टक्क्यांनी. वजन मात्र जेमतेम वाढलं होतं. नंतर पूर्ण झोप मिळाल्यावर खाणं कमी झालं, तरी पोटातली चरबी लगेच कमी व्हायला लागली नाही.

कर्जत, कसारा किंवा विरारहून रोज येणाऱ्याला ‘आठ तास झोपा’ सांगणं सोपं आहे. पहाटेची गाडी त्यांच्या हातात नसते, हे मला ठाऊक आहे. रोज अर्धा तास लवकर झोपणं हे रविवारच्या दहा तासांपेक्षा उपयोगी पडतं. रविवारीही उठायची वेळ तास-दीड तासाहून जास्त पुढे नेऊ नका, नाहीतर रात्री झोप येत नाही आणि सोमवार आणखी जड जातो.

८. दुपारी झोपल्याने पोट सुटतं असं आई म्हणते. वामकुक्षी बंद करू?

वीस-तीस मिनिटांची असेल तर नको. रात्री झोप कमी झालेल्याला ती फायद्याचीच आहे. भरपेट जेवून दोन तास ताणून दिली, तर रात्री झोप लागायला उशीर होतो आणि तिथून प्रश्न ६ सुरू होतो. आईंचं निरीक्षण तेवढ्यापुरतं बरोबर आहे. तीनच्या आत उठा.

९. आयुर्वेदात तर स्थूल माणसाने जागरण करावं असं सांगितलंय. मग खरं काय?

प्रश्न अभ्यासू आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्थौल्य कमी करण्याच्या उपायांत व्यायाम आणि चिंतनासोबत जागरणाचाही उल्लेख आहे, तोही हळूहळू वाढवण्याचा. त्याच ग्रंथात झोपेला आहार आणि ब्रह्मचर्याच्या बरोबरीने शरीराचा उपस्तंभ, म्हणजे आधार, म्हटलं आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

तो विचार जास्त झोपणाऱ्या, बैठ्या, सुखवस्तू माणसाला समोर ठेवून केलेला दिसतो. आज समोर बसलेला माणूस आधीच साडेपाच तास झोपतो, आणि रात्री दोन वाजता जेवण घरी मागवू शकतो. त्याला जागरण सांगणं मला अयोग्य वाटतं. प्रत्यक्ष मोजमापातून जे दिसलं ते प्रश्न १ आणि ४ मध्ये दिलं आहे.

१०. माझी कंपनीत रात्रपाळी असते, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. माझ्यासाठी काही उपाय आहे का?

आहे, पण तुमचं काम बाकीच्यांपेक्षा अवघड आहे हे आधी मान्य करू. एमआयडीसीतले कामगार, परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक, हिंजवडीत परदेशी वेळेवर काम करणारी मुलं या सगळ्यांना दोन त्रास एकदम होतात. दिवसाची झोप तुटक आणि उथळ असते. शिवाय शरीराचं घड्याळ रात्री साखर हाताळायला तयार नसतं, त्यामुळे तेच जेवण रात्री दोनला रक्तातली साखर जास्त चढवतं.

बोस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये रात्रपाळीचं वेळापत्रक प्रयोगशाळेत उभं केलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली. जागे रात्रभर होते, पण जेवण दिवसाच घेतलं, त्यांची वाढली नाही. म्हणून मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घ्या. मध्यरात्री लागलंच तर थोडं: ताक, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, उकडलेलं अंडं. कँटीनमधला रात्रीचा भात-भाजीचा पूर्ण डबा टाळा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना न विचारता रात्रीचं खाणं बंद करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. सकाळी घरी जाताना गॉगल किंवा टोपी घाला, अंगावर उजेड कमी येऊ द्या. खोलीला जाड पडदे, फोन सायलेंट. घरच्यांना एक विनंती: दिवसा झोपलेल्या माणसाला गॅसचा सिलिंडर घ्यायला किंवा पाहुण्यांना भेटायला उठवू नका. तुम्हाला कोणी रात्री दोनला उठवावं, तसंच ते आहे.

पाळी बदलायचीच असेल तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे सरकणारी बरी. उलट्या क्रमाने शरीराला जास्त त्रास होतो. युनियनने किंवा एचआरकडे मागावी अशी ही मागणी आहे.

११. शेतीपंपाची लाईट रात्रीची असते. दारं धरायला रात्रभर जागावं लागतं, सकाळी पुन्हा काम. आम्ही काय करायचं?

रात्री पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांची झोप बहुतेक सल्ल्यांत धरलेलीच नसते. तुमची मेहनत जास्त, त्यामुळे वजन कदाचित वाढणार नाही. पण रक्तदाब, साखर आणि अपघाताचा धोका वाढतो. पाण्याच्या आठवड्यात दुपारी दीड-दोन तासांची झोप ठरवूनच घ्या. प्रश्न ८ मधली अर्ध्या तासाची मर्यादा तुम्हाला लागू नाही. घरात दोघं असतील तर रात्री वाटून घ्या. जागरणाच्या सकाळी फवारणी आणि ट्रॅक्टर टाळा.

१२. मी बारीक आहे. कमी झोपलो तरी वजन वाढत नाही. मग मला काळजी नाही ना?

काट्यावरचं वजन आपल्याकडे फसवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीय माणूस बारीक दिसतानाही आत चरबी बाळगून असतो. म्हणूनच आपल्यासाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर अशी कमी ठेवली आहे.

आणि झोपेचा परिणाम वजनाची वाट पाहत नाही. १९९९ च्या एका अभ्यासात ११ निरोगी तरुण सहा रात्री चार तास झोपले, तेवढ्यात रक्तातली साखर हटवण्याचा त्यांच्या शरीराचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. दुसऱ्या एका अभ्यासात सर्दीचे विषाणू नाकात सोडल्यावर सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. घरात मधुमेह असेल, तर बारीक असूनही वर्षातून एकदा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या.

१३. मुलगी दहावीला आहे. क्लास, अभ्यास, मोबाईल मिळून सहा तास झोपते आणि वजन वाढतंय.

तिच्या वयाला आठ ते दहा तास लागतात, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा. लहानांच्या झोपेचा विचार सरकारनेही केला: फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. दहावीच्या मुलांसाठी असं कोणी ठरवत नाही, ते घरालाच करावं लागतं.

किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते, त्यामुळे ती रात्री दहाला झोपत नाही यात तिचा आळशीपणा नाही. पहाटे पाचला उठवून पाठांतर करून घेऊ नका. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. रात्री घरातले सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही. तिच्या वजनावरून टोमणे मारू नका, त्याने फक्त लपून खाणं वाढतं.

१४. बाळ सहा महिन्यांचं आहे, रात्रीत चार वेळा उठतं. वजन उतरतच नाही. मी काय कमी पडतेय?

तुम्ही काहीही कमी पडत नाही. अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात बाळ सहा महिन्यांचं असताना दिवसभरात पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या आयांचं वाढलेलं वजन वर्षानंतरही टिकून राहण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. तेव्हा हे उत्तर खरं तर घरच्यांसाठी आहे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू जितक्या प्रेमाने करता, तितक्याच प्रेमाने तिला सलग चार-पाच तास झोपू द्या. एक वेळचं दूध काढून ठेवलं, तर रात्रीची एक पाळी बाबांना किंवा आजीला घेता येते. दिवसा बाळ झोपलं की तिने भांडी आवरायची, ही अपेक्षा सोडा.

अंगावर पाजत असताना कडक डाएट करू नका. सतत रडू येत असेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. बाळंतपणानंतरचं नैराश्य उपचाराने बरं होतं.

१५. मी आठ तास झोपतो, तरी दिवसभर पेंगतो. बायको म्हणते फार घोरतोस. याचा वजनाशी संबंध आहे?

बराच आहे. घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबणं, मग दचकून श्वास घेणं, सकाळी डोकं जड, गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणं, ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं आहेत. घशातली वाट झोपेत बंद होते, ऑक्सिजन कमी होतो आणि झोप रात्रभर तुटत राहते. माणसाला त्याचा पत्ताही नसतो. मानेभोवतीची चरबी हे वाढवते, आणि तुटलेल्या झोपेने चरबी वाढते. मात्र हनुवटी मागे असलेल्या बारीक माणसालाही हे होऊ शकतं.

निदान स्लीप स्टडीने, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन नोंदवणाऱ्या तपासणीने, होतं. हल्ली ती घरीही करता येते. छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बायकोला मोबाईलवर घोरण्याचा व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना त्याचा खरोखर उपयोग होतो. गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर तपासणी होईपर्यंत चालवू नका.

१६. सीपॅप मशीन लावल्यावर वजन आपोआप उतरेल का?

नाही. सीपॅप म्हणजे ॲप्नियासाठी रात्री मास्कमधून हवेचा दाब देऊन घशातली वाट उघडी ठेवणारं यंत्र. त्याने काहींचं वजन थोडं वाढतं, कारण रात्रभर श्वासासाठी झगडण्यात जाणारी ऊर्जा वाचते. मशीन तरीही सोडू नका. दिवसाची तरतरी परत आली की चालणं आणि जेवण सांभाळणं जमू लागतं. दहा टक्के वजन कमी झालं, तरी श्वास थांबण्याचं प्रमाण सरासरी पाव भागाने घटतं.

१७. झोपायला वेळ आहे, पण झोपच येत नाही. मेलाटोनिन घेऊ का?

मेलाटोनिन हे शरीराला रात्र झाल्याची खूण देणारं संप्रेरक आहे. त्याच्या गोळीचा उपयोग मुख्यतः विमानप्रवासाने किंवा उशिराच्या सवयीने वेळ सरकलेल्यांना होतो. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार सीबीटी-आय नावाची वर्तनोपचार पद्धत आहे; अनेक मानसोपचारतज्ज्ञ ती देतात. झोप येत नसताना अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा, पेंग आली की परत जा. उठायची वेळ रोज एकच. कोमट दुधात जायफळ चिमूटभर चालेल, जास्त नको, ते विषारी ठरतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते आणि घोरणं वाढतं.

काही मानसोपचाराच्या औषधांनी, स्टेरॉइड्सनी भूक आणि वजन वाढतं. तशी शंका असली तरी औषध स्वतःहून थांबवू नका.

१८. मी दहा तास झोपते, तरी वजन जास्तच. मग?

सतत दहा तास लागत असतील तर झोप चांगली होत नसावी किंवा मागे काही आजार असावा: ॲप्निया (प्रश्न १५), थायरॉइड मंद असणं, रक्त कमी असणं, नैराश्य. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. आजारातून उठत असाल, तर काही दिवस जास्त झोपणं साहजिक आहे.

१९. माझं उलटंच आहे. झोप उडाली आहे आणि वजन कमी होतंय, प्रयत्न न करता. चांगलंच ना?

हे चांगलं समजू नका. वर दिलेल्या सगळ्याच्या विरुद्ध चित्र दिसतं, तेव्हा कारण शोधावंच लागतं. थायरॉइड जास्त चालत असेल तर झोप उडते, छाती धडधडते, हात थरथरतात, उकडतं आणि खाऊनही वजन घटतं. साखर वाढलेली असेल तर रात्री लघवीला तीन-तीनदा उठावं लागतं, तहान लागते. नैराश्यात पहाटे तीन-चारला जाग येते आणि जेवण नकोसं होतं. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम असेल तर क्षयरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोपेक्षा जास्त, आपोआप घटलं असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. जाताना मागच्या पंधरा दिवसांच्या झोपेच्या आणि रात्री उठण्याच्या वेळा लिहून न्या.